लाल ठिपक्यांचं तळं

कळंबोलीचा लोखंडबाजार मागं पडला, रोडपालीची नवी बांधकामं लागली, तरी चारुता माझ्या पुढंच चालत होती. तिच्याबरोबर चालणं म्हणजे असंच. ती झपाझप पुढं जायची, रस्त्याकडेला डबकं दिसलं की त्यावर वाकून उभी राहायची, तोवर मी तिला गाठायची, आणि मी गाठलं की ती पुन्हा पुढं. पनवेलहून निघताना मी रिक्षा करू म्हटलं होतं. तर म्हणाली, वहिनी, रिक्षात बसले तर पायांचं काय करू?

शहाण्णव सालचा माघ महिना. आम्ही तळोज्याच्या अलीकडच्या एका लहान गावात निघालो होतो. गावाचं नाव इथं लिहीत नाही. तिथल्या बायकांना वाचता येत नसलं तरी त्यांच्या नातवंडांना आता येतं.

ती मला एक गोष्ट विचारणार होती आणि काय विचारणार हे मला ठाऊक होतं. गावातल्या बायकांना मी सांगावं, की तळ्यातल्या गोगलगायींच्या पाठीवर दिसतात ते लाल ठिपके देवीचे नाहीत, चारुतानं लावलेल्या नेलपॉलिशचे आहेत. माझ्या सांगण्यानं त्यांच्या म्हशी पुन्हा तळ्यात उतरल्या, तर चारुताला कामासाठी आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाहीतर मार्चअखेर सगळं संपलं. घरून निघाल्यापासून मी तिच्या विचारण्याची वाट बघत होते, आणि तिनं विचारू नये म्हणून मनात गावदेवीचं नावही घेत होते.

पण हे असं मधूनच सांगून कळायचं नाही.

चारुता आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, ती आणि तिची आई. वडील नोकरीत असतानाच गेले होते. मी शाळेतली शिक्षिका, माझं सगळं शिक्षण मराठीतून, त्यामुळं ती नेमकं काय करते हे समजायला मला बराच काळ लागला. पीएचडी झाली, म्हणजे डॉक्टर झाली, हे कळलं. पण त्यानंतरही ती रोज एस.टी. पकडून मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत जायची आणि म्हणायची, आता पोस्ट-डॉक करतेय. म्हणजे शिकणं संपलं आणि नोकरी लागली नाही, या दोहोंच्या मधली जागा. फेलोशिप दरवर्षी वाढवून घ्यायची. कुणाला वाटलं तर वाढणार, नाही वाटलं तर घरी. चाळीतल्या बायका विचारायच्या, अजून शिकतेयस? त्यावर ती हसायची, पण जिना चढताना एकेक पायरी गाळून चढायची.

तिचा विषय जंत. माणसाच्या पोटातले नव्हेत, म्हशीच्या काळजातले, म्हणजे यकृतातले. पेरूच्या कोवळ्या पानासारखा चपटा जंत असतो म्हणे, म्हशीच्या काळजात घर करून राहतो, आणि म्हैस हळूहळू सुकत जाते. चाळीत पोरांना जंत झाले की आया हिच्याकडं औषध मागायला यायच्या. ही सांगायची, मी त्यातली डॉक्टर नाही. त्या म्हणायच्या, मग कसली?

हाच प्रश्न पुण्याहून आलेल्या एका स्थळानंही विचारला होता. तिच्या आईनं प्राणिशास्त्र वगैरे सांगून वेळ मारून नेली असती, पण चारुता पोह्यांची बशी पुढं करत म्हणाली, "म्हशीच्या काळजातल्या जंतांची." पोहे तसेच राहिले. तिची आई माझ्याकडं येऊन रडली, आणि चारुता मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. तिला पोह्यांचं काही नव्हतं. त्या दिवशी बरणीतल्या गोगलगायी मरायला लागल्या होत्या.

गोगलगायींचं असं, की हा जंत सरळ एका म्हशीतून दुसऱ्या म्हशीत जात नाही. शेणातून त्याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाण्यातल्या एका लहानशा, पातळ कवचाच्या गोगलगायीत शिरतं. तिच्यात एकाचे शेकडो होतात, बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात, आणि ते गवत म्हशीनं खाल्लं की पुन्हा काळजात. हे सगळं तिनं मला एकदा मटार सोलता सोलता सांगितलं. सोलत मी होते. ती ओट्यापासून दारापर्यंत फिरत होती. कोणत्या महिन्यात म्हशीला जंत लागतो हे नेमकं कळलं तर त्याच वेळी औषध देता येईल, आणि ते कळायला एखाद्या तळ्यावर दोन-तीन वर्षं पाळत ठेवायला हवी, असं तिचं काम होतं.

तिच्या आईनं गोगलगायींना घरात जागा दिली नाही. म्हणून लोणच्याच्या बरण्या माझ्या मागच्या पडवीत आल्या. त्यांना उकडलेला पालक लागायचा. मी आधी देवाचा नैवेद्य करायची, मग वेगळ्या पातेल्यात त्यांचा पालक. आमचे हे म्हणायचे, या घरात सगळ्यात मऊ भाजी गोगलगायींना मिळते.

तळंही मीच तिला दाखवलं. त्या गावच्या शाळेत मी बरीच वर्षं काढली होती. गावदेवीचं देऊळ, देवळालगत तळं, आणि गावातल्या सगळ्या म्हशी दुपारी त्याच तळ्यात. मला तिथं सगळे बाई म्हणायचे. बदली झाल्यावरही दर नवरात्रात मी देवीची ओटी भरायला जायची, अजून जाते. पहिल्या वर्षी चारुतानं तिथल्या बायकांना मोठा तक्ता काढून दाखवला, जंत या पाण्यातून येतो म्हणून सांगितलं. त्यांनी शाळेतल्या पोरींसारखं माना हलवत ऐकून घेतलं आणि दुपारी म्हशी तळ्यात सोडल्या. दुसरं पाणी बोअरिंगचं, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला. मग चारुताही आपल्या कामाला लागली.

गोगलगायी उन्हाळ्यात किती टिकतात हे बघायला त्यांच्यावर खूण करावी लागते. चौऱ्याण्णवच्या पितृपक्षात तिनं मला विचारलं, घरात नेलपॉलिश आहे का? तिनं स्वतः कधी लावलं नव्हतं. माझ्या मुलीची, रियाची, एक बाटली होती, लाल. दुसरा रंग असता तर पुढचं काही झालंच नसतं. आम्ही दोघी काठावर बसलो. मी एकेक गोगलगाय फडक्यानं कोरडी करून द्यायची, ती कवचावर ठिपका ठेवायची, वाळला की पाण्यात सोडायची. तेवढा वेळ मात्र ती एका जागी बसली. मी एवढा वेळ तिला बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग घट बसले. पहिल्या माळेच्या सकाळी भामा, आमच्या ओळखीतली तिथली जाणती बाई, घटासाठी तळ्यावरची माती आणायला गेली. पाण्यातून बारक्या गोगलगायी वर येत होत्या आणि त्यांच्या पाठीवर कुंकू होतं.

मी ओटी घेऊन गेले, चारुता तिची जाळी घेऊन आली, तोवर सगळं होऊन गेलं होतं. काठावर हळदकुंकू वाहिलेलं, नारळ फोडलेले, म्हशी उतरायच्या जागेवर बांबूचा कूड आणि कुडाला हिरवा खण. देवीआईनं तळं मागून घेतलं, असं बायका म्हणत होत्या. पुरुषांनी दुपारपर्यंत बोअरिंगजवळ विटा रचून म्हशींसाठी कुंडी बांधायला घेतली होती. जे वर्षभर तक्ता दाखवून झालं नव्हतं ते एका सकाळी झालं, आणि चारुताचं काम त्याच सकाळी बुडालं. म्हशी पाण्यात नाहीत, म्हणजे शेण नाही, अंडी नाहीत, साखळी तुटली. ती पाळत ठेवणार कशावर?

मी देवीपुढं हात जोडले. गोगलगायींना जोडले नाहीत, देवीला जोडले, असं मी स्वतःला सांगितलं.

चारुता सरळ भामाकडं गेली. पिशवीतून बाटली काढली आणि म्हणाली, "भामाताई, हे मी लावलंय. या बाटलीतलं आहे."

भामानं बाटली घेतली, टोपण उघडून वास घेतला, स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका ठेवून बघितला. मग हसली. म्हणाली, "तू लावलास गो बाय, ता दिसतंय मना. पन तुला लावाया कोनी सांगितला?"

"कोणी नाही. माझं कामच आहे ते."

"मंग आमच्याच तल्याव कशी आलीस? तलीं काय कमी हायत?"

चारुतानं माझ्याकडं बघितलं. तिला त्या तळ्यावर मी आणलं होतं. मला त्या शाळेत कोणी पाठवलं, हे विचारलं असतं तर सरकारी हुकूम एवढंच मला सांगता आलं असतं.

पुढचं वर्ष तिनं कसं काढलं ते आम्ही खाली राहून ऐकलं. सकाळी माझी पोथी चालू असताना वर तिच्या चपला खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. दुसरं तळं शोधायला ती जासईपर्यंत जाऊन आली. कुठं पाणी खारं, कुठं गोगलगायी नाहीत, कुठं तळंच भरणी टाकून बुजवलेलं. चहा अर्धा टाकून उठायची. बोलता बोलता विषय सोडून द्यायची. तिची आई स्थळाचं बोलली की ही पायात चपला घालायची. मी तिला सोमवारच्या आरतीला बोलवायची. यायची, पण दारातच उभी, एक पाय बाहेर.

पंचाण्णवच्या भाद्रपदात तिनं पुन्हा गोगलगायींना ठिपके लावले. कामाचा भाग होता, करायला हवा होता. मीही फडकं घेऊन गेले. गावाला वाटलं, आई पुन्हा आली. कुडावर नवा खण चढला.

आणि त्या दिवाळीनंतर एक दिवस ती जिन्यातून धावत खाली आली. म्हणाली, वहिनी, एकाही गोगलगायीत जंत नाही. आधी वाटीभर गोगलगायी फोडल्या तर त्यातल्या पाच-सहांत तरी सापडायचा. आता एकीतही नाही. माझा चेहरा खुलला, पण तिचा नाही. तिला वाटत होतं तिचंच काही चुकतंय. पुन्हा आणल्या, पुन्हा फोडल्या, दुसऱ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. नव्हताच.

मी म्हटलं, मग हेच लिही ना. म्हशी थांबल्या, जंत गेला.

तिनं तेच तिच्या सरांना सांगितलं होतं. सर वाईट नव्हते, पण त्यांनी विचारलं, तुलनेला दुसरं तळं कुठाय? आधी ठरवून केलं होतं का? नवस बोलून झालेलं संशोधन कुठल्या मासिकात छापायचं? ज्या कामासाठी फेलोशिप दिली ते दाखवा. मग थोडे नरमले. म्हणाले, या महिन्यात म्हशी पुन्हा तळ्यात गेल्या तर मी आणखी एक वर्ष मागून घेतो, साखळी पुन्हा सुरू होताना बघता येईल. तुमच्या शेजारच्या त्या बाई आहेत ना, देवीला जाणाऱ्या, त्यांना सांगायला लावा. त्यांचं ऐकतील.

हे चारुतानं मला जिन्यातच उभं राहून सांगितलं, घाईघाईत, जसं दुसऱ्या कुणाचं काही सांगावं. तिला तेव्हा चौतिसावं लागलं होतं. मार्चनंतर तिच्यापाशी काहीही नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाली, उद्या माझ्याबरोबर गावात येता?

म्हणून आम्ही चाललो होतो.

रोडपालीच्या पुढं बांधकामं संपतात आणि कापून झालेली भातशेतं लागतात. चारुता एका बांधावर थांबली, मागं वळून म्हणाली, वहिनी, तुम्हाला खरंच वाटतं का हो, देवीनं माझ्याकडून करून घेतलं? मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, मलाही माहीत नाही, हेच तर, आणि चालायला लागली. मी मनात वाक्यं जुळवत होते. भामा, अगं देवी आहेच, पण हे ठिपके... पुढचं जुळत नव्हतं. माझ्या देवीला मी खोटं पाडत नव्हते, नेलपॉलिशला नेलपॉलिश म्हणणार होते. तरी जुळत नव्हतं.

भामा अंगणातच भेटली. मला बाई म्हणून वाकून नमस्कार, चारुताला, "आली का आमची गोगलगायवाली." चहा टाकला. मग चहा उकळेपर्यंत आम्हाला गोठ्यात घेऊन गेली, म्हणाली, बघा.

मला म्हशींमधलं काही कळत नाही, पण त्या गावातला माघ मला माहीत होता. शाळेत असताना मी दर वर्षी बघायची. माघात म्हशींच्या जबड्याखाली पाणी भरायचं, पखाल लोंबावी तशी सूज यायची. दूध आटायचं, एखादं पारडू मरायचं. बायका भगताकडं जायच्या, डाग द्यायच्या. जंत पिकला की असं होतं, हे मला चारुतानं नंतर सांगितलं.

गोठ्यात चार म्हशी होत्या आणि एक पारडू, गेल्या वर्षीचं. चारुता एकेकीच्या तोंडापाशी गेली आणि जबड्याखाली हात घातला. दाबून बघितलं. पुढची. मग पारडाच्या मानेखाली हात घातला आणि तो काढलाच नाही. पारडू तिचं मनगट चाटत होतं आणि ती उभी होती. तळ्यावर ठिपके लावताना बसायची ना, तशी.

भामा म्हणाली, औंदा गावात एकाही म्हशीला सूज नाय. आईनं राखली. मग तिनं आपला खांदा चोळला, आणि पुढचं माझ्याकडं बघून बोलली.

"पन बाई, हापसून हापसून खांदं गेलं आमचं. औंदा नवरात्रान आई आली तं ठीक. नाय आली तं म्हशी सोडू तल्यान. काय म्हनता?"

एवढी सरळ वाट मला कुणी करून दिली नसती. मी नुसतं म्हणायचं होतं, भामा, नवरात्रापर्यंत कशाला थांबता, आजच सोडा. ठिपक्यांचं नावही काढायला लागलं नसतं. मी चारुताकडं बघितलं. तिनं डोळ्यांनी जरी विचारलं असतं तरी मी बोलले असते, देवीची शपथ. ती पारडाकडं बघत होती.

"चहा उतू जाईल," ती म्हणाली.

चहा तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मी देवळात जाऊन आले. तेवढ्यात ती तळ्याच्या काठानं फिरून आली, चपलेला चिखल होता. भामानं आम्हाला वाटेला लावलं, माझ्या पिशवीत वाल घातले.

येताना ती पुन्हा पुढं. पण आता डबकी बघत नव्हती. थोडं जायची, थांबायची, परत यायची, माझ्या बरोबरीनं चार पावलं चालायची, पुन्हा सुटायची. मला राहवेना. मी म्हटलं, चारुता, अजून उशीर झाला नाही, मी परत जाऊन सांगते. तुझं एक वर्ष आहे हे.

ती थांबली. पिशवीत हात घालून चाचपत राहिली, रुमाल निघाला, चिमटा निघाला, मग ती बाटली निघाली. रियाची. तळाशी थोडं उरलं होतं.

म्हणाली, "वर्ष म्हणजे काय वहिनी, त्या पारडाला जंत लागताना बघायचा. तारखेनिशी." आणि बाटली हलवून उजेडात धरली. "मी मघाशी त्याच्या गळ्याला हात लावला तेव्हा मला वाटत होतं सूज असावी. खरं सांगते. असावी, म्हणजे माझं काम सुरू."

बाजूनं तळोज्याच्या कारखान्याची पाळी सुटून आलेली माणसं सायकलींवरून चालली होती, त्यातला एकजण आमच्याकडं वळून बघत गेला. रस्त्यात उभ्या दोन बायका, एकीच्या हातात नेलपॉलिश.

"तुम्हाला हे आवडायचं नाही," ती म्हणाली, "तुमची श्रद्धा आहे. मला तर तेवढीही नाही, आणि मी तुम्हाला सांगतेय." ती दोन पावलं गेली आणि परत आली. बाटली माझ्या हातात दिली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"घट बसायच्या आधी तळ्यावर एकदा जाल? दर वर्षी, जमेल तितकी वर्षं. सगळ्यांना नको, काठाला वर येतात तेवढ्यांनाच लावा. कोरड्या करून लावा, नाहीतर धुऊन जातं. आणि कोणी विचारलं, तुम्हाला लावायला कोणी सांगितलं, तर वहिनी, माझं नाव सांगा."